सहाशे बारा ठिकाणी

५ मार्च, सकाळी ९
ताईच्या दुकानाचं मार्केटिंग आजपासून माझ्याकडे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, शिलाई मशीन दुरुस्त करते. गिऱ्हाईक आटलंय. गाळा ठेवणार की सोडणार, हे मालकाला एकतीस तारखेला सांगायचंय. ती घाबरली आहे. मी नाही. उपाय सोपा: इंटरनेटवरच्या डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे कुणाचेही लेख घेणाऱ्या साइटींवर, लेख टाकायचे, खाली दुकानाचा पत्ता. लोक वाचतील, मशीन घेऊन येतील. रोज दोन लेख स्वतः लिहिणार. शिवाय ही रोजनिशी. शिस्त हवी.

६ मार्च
ताईने वही दिली. ऐंशी पानं, बारीक अक्षर. मशीनचे सगळे आजार आणि त्यावरचे उपाय. दुपारी दुकान ओस असतं तेव्हा लिहीत होती म्हणे, खास माझ्या लेखांसाठी. फोनवर मशीनचा नुसता आवाज ऐकून ताईला आजार कळतो. असा कान दुसऱ्या कुणाचा नाही. हे लेखात आलंच पाहिजे. वही रविवारी निवांत वाचेन.

९ मार्च, दुपार
रविवार गेला. लेख अर्धा झाला. म्हणजे शीर्षक अर्धं झालं. डिरेक्टऱ्या मोजल्या: सहाशे बारा. प्रत्येकीचा फॉर्म हाताने भरायचा म्हणजे माणूस तिथेच म्हातारा व्हायचा. सॉफ्टवेअर घेतलं. फोल्डर दाखवायचा, बाकी सगळं ते करतं. फोल्डरमध्ये काही बदललं की आपोआप पुन्हा पाठवतं. हुशार आहे.

१० मार्च
सॉफ्टवेअरबरोबर पन्नास तयार लेख मिळाले. सगळे मोटारींच्या देखभालीवर. शेवटी मशीन ते मशीन. ‘मोटार’ काढून ‘शिलाई मशीन’ घातलं, एका क्लिकचं काम. वहीतला मजकूर फार दर्जेदार आहे (असणार), तो दुसऱ्या टप्प्यात. फोल्डरचं नाव ‘लेख’. रोजनिशीही त्यातच ठेवली. सगळं एका जागी बरं.

१२ मार्च
बटण दाबलं. ऊर भरून आला. तेवढ्यात ताईचा फोन. वही कामी येतेय का, विचारत होती. म्हटलं, तिच्याशिवाय पान हलत नाही. अगदीच खोटं नाही. चहाचा कप तिच्यावरच ठेवतो. पण नंतर जेवण गेलं नाही.

१७ मार्च
पाठवलेला एक लेख सहज वाचला. ‘लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी शिलाई मशीनच्या चारही चाकांतली हवा तपासा.’ दुसऱ्यात, ‘दारू पिऊन शिलाई मशीन चालवू नका.’ हे तसं बरोबर आहे. परत घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही. वाचक: शून्य. शून्य बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.
बायको म्हणते, आजच्या आज ताईंना सगळं सांगून मोकळे व्हा. सांगणार. वेळ बघून.

२४ मार्च
सांगायला दुकानात गेलो. ताईने स्टूल पुसून दिलं. किती लेख झाले, विचारलं. म्हटलं, पन्नास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माझ्यापायी एवढा राबतोस, तब्येत सांभाळ रे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी गिऱ्हाईक आलं असतं तर विषय टळला असता. तासभरात कुणी फिरकलं नाही. तरी मी टाळलाच.
उद्यापासून वही वाचायला घेणार. नक्की.

२९ मार्च, सकाळी १०
रिपोर्ट आला. पन्नास लेख नाकारले, कारण ते आधीच सगळ्यांकडे आहेत. पण एक लेख स्वीकारला, तोही सहाशे बाराच्या सहाशे बारा ठिकाणी. शेरा: मजकूर अस्सल. वाचक: एक. धावत जाऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, कुठला लेख? म्हटलं, तपशिलात काय शिरायचं.

२९ मार्च, सव्वादहा
तपशिलात शिरलो. ही रोजनिशी.

२९ मार्च, दुपार
वाचक कोण ते कळलं. ताई रोज शटर उघडण्याआधी माझे लेख आले का, ते शोधत होती. फोनवर एवढंच म्हणाली, वही परत आणून दे.

३१ मार्च
वही देण्याआधी जिन्यात उभ्याने वाचली. पहिल्यांदाच. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘धाकट्या, काही अडलं तर विचार, संकोच करू नकोस.’ त्यावर कपाचा गोल डाग.
ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. गाळा सोडतेय असं मालकाला सांगून आली होती. सामान बांधत होती. मी म्हटलं, सहाशे बारा जणांना एकेक पत्र लिहितो, रोजनिशी काढायला लावतो, हाताने लिहितो. तिने डाग मशीनच्या फडक्याने पुसून पाहिला. गेला नाही. मग म्हणाली, आवाज ऐकून मला आजार कळतो, ते त्यात आहे ना? राहू दे मग. माझ्याबद्दल एवढं कुणी कधी लिहिलं नव्हतं.
संध्याकाळी रिपोर्ट पाहिला. वाचक दोन झालेत. दुसरा मी.