दुसऱ्या बाटल्या

३ मार्च, सोमवार

ऑफिसातून चिठ्ठी आली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, बाई, ३१ तारखेला निवृत्त होतायत. त्यांच्या कामावर स्मरणिकेत दोन परिच्छेद हवेत – "सोप्या भाषेत, शिपायालाही कळेल असे." शिपायाला सगळं कळतं. कळत नाही ते चिठ्ठी लिहिणाऱ्याला.

तरी लिहिलं:

"ध्रुवाजवळच्या समुद्रात खोल पाण्यात नायट्रेट, सिलिकेट असे क्षार असतात. ते वर आले की सूक्ष्म शेवाळ त्यांवर जगतं. त्यातली एक जात अंगाभोवती काचेची पेटी बांधते. नायट्रेट सगळ्यांनाच लागतं, पेटीसाठी हिला सिलिकेटही लागतं. काचेमुळे ती जड. मेली की बुडते, आणि हवेतला कार्बन सोबत तळाला नेते. आता बर्फ जास्त वितळतो. गोडं पाणी हलकं, ते झाकणासारखं वर बसतं, खालचे क्षार वर येऊ देत नाही. गेल्या सहा वर्षांत सिलिकेट घटलंय, हे बाईंनी दाखवून दिलं. काचवालं शेवाळ उपाशी आहे."

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे झाकण बसलं, जेवण वर येईना. एवढंच ना? मग दोन परिच्छेद कशाला?"

एकोणीस वर्षं मी त्या समुद्राचं पाणी मोजते. समुद्र पाहिलेला नाही. बागेतल्या तळ्यातल्या होडीतही मला मळमळतं.

७ मार्च, शुक्रवार

क्षार मोजायच्या मशीनची नळी फुटली! ट्रे निम्मा मोजून झालेला. चोवीस बाटल्या वितळून टेबलावर. मेकॅनिक सोमवारी येणार म्हणे.

बाटल्या भरून आणतो तो कप्तान. (कप्तान हे टोपणनाव. बोटीवर तो फक्त बाटल्या भरतो, गोठवतो आणि आजारी पडतो.) दारात उभा राहून बघत होता. "दोन महिने उलट्या करत भरल्यात त्या. सांडू नकोस."

१० मार्च, सोमवार

नळी बदलली. सगळा ट्रे पहिल्यापासून मोजला. नायट्रेट शुक्रवारी होतं तेवढंच, दशांशापर्यंत. सिलिकेट मात्र वाढलेलं. शुक्रवारी ४९, आज ५८.

मशीनवर संशय घेतला. ठरलेल्या ताकदीचं द्रावण घालून पाहिलं – बरोबर. माझ्यावर संशय घेतला. पुन्हा मोजलं – ५८.

बाटली तीच, पाणी तेच. फरक एवढाच, की तीन दिवस ती फ्रीझरच्या बाहेर होती.

सात वर्षांपूर्वी याच जागी, उन्हाळा सुरू होताना, ५८च यायचे.

"डबा उघडलाच नाही" असं लिहिणार होते. उघडला. पूर्ण संपवला. वर कप्तानच्या डब्यातलंही खाल्लं.

११ मार्च, मंगळवार

कपाटातून पद्धतीची जुनी वही काढली. अक्षर माझंच: "पाणी गोठलं की त्यातल्या सिलिकेटच्या साखळ्या होतात, मशीनला त्या दिसत नाहीत. वितळल्यावर साखळ्या सुटायला वेळ लागतो. किमान एक पूर्ण दिवस थांबावे." खाली दोन रेघा.

म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

मग सहा वर्षांपूर्वीची रोजची वही. एका पानावर: "आज बाटल्या कोमट पाण्यात वितळवून लगेच मोजल्या. साडेतीनला निघायचे आहे." बाबा तेव्हा हॉस्पिटलात. चार ते सहा भेटायची वेळ. सकाळी बाटल्या काढायच्या, दुपारी मोजून मोकळं व्हायचं. सात आठवडे चाललं. शेवटच्या दिवशीही अशीच घाई करून पोचले. नर्स म्हणाली, "अहो, ते तर केव्हाच गेले." दोनला. मी तेव्हा ट्रे लावत होते.

पुढच्या सोमवारी कामावर आले आणि बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. बाबा गेले, घाई राहिली. सहा वर्षं. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

बाईंची घट त्याच महिन्यापासून सुरू होते.

१२ मार्च, बुधवार

आणखी बारा बाटल्या. आधी लगेच मोजल्या, मग थांबून मोजणार. उद्या कळेल. कळलेलंच आहे.

१३ मार्च, गुरुवार

बाराच्या बारा वाढल्या.

कप्तानला सांगितलं. आधी भडकला – "माझ्या बाटल्यांत खोट काढू नकोस हं!" म्हटलं, तुझ्या बाटल्या धुतल्या तांदळासारख्या आहेत, खोट माझ्यात आहे. मग खाली बसला.

"बाईंना बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. एकोणतीस तारखेला त्यांचं निरोपाचं भाषण. बाहेरची माणसं येणार, हार-तुरे, फोटो. ते पार पडू दे. मग सावकाश दुरुस्त कर. समुद्र कुठे पळून जातोय?"

"फ्रीझर पळतोय," मी म्हटलं.

बाईंचा नियम: प्रत्येक ठिकाणच्या दोन बाटल्या भरायच्या. एक मोजायची, दुसरी न उघडता ठेवायची. लोक हसायचे – जुळ्यांचा पाळणा म्हणायचे. सहा वर्षांचे खरे आकडे त्या दुसऱ्या बाटल्यांत आहेत, आणि कुठेही नाहीत. दारावर नोटीस आहे: बाईंच्या निवृत्तीनंतर, १ एप्रिलला जुना फ्रीझर भंगारात.

कप्तान बराच वेळ नोटीस वाचत होता. दोनच ओळी आहेत. मग म्हणाला, "आणि बाहेर काय म्हणतील? बघा, समुद्राला काही झालेलं नाही, यांच्या प्रयोगशाळेलाच झालंय."

 

१५ मार्च, शनिवार

स्मरणिकेचे परिच्छेद मागायला फोन. म्हटलं, सुधारतेय. खोटं नव्हतं.

स्वतःला विचारलं – बाईंना मी का सांगणार? खरं आहे म्हणून, की सांगितल्यावर मला हलकं वाटेल म्हणून? माझं ओझं त्यांच्या डोक्यावर, तेही जाता जाता. तीस वर्षांच्या कामाचा शेवट "आमच्या बाईंनी उगाच घाबरवलं" असा.

आणि नाही सांगितलं तर का? त्यांच्यासाठी, की माझी नोकरी, माझं नाव? प्रामाणिक उत्तर: दोन्ही. प्रमाण ठरवता आलं नाही. त्याला मशीन नाही.

आईला अर्धवट सांगितलं, बाबांचा भाग वगळून. ती म्हणाली, "त्या तुला ओरडतील याची भीती आहे, की ओरडणार नाहीत याची?"

१७ मार्च, सोमवार

सांगितलं.

दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्यानेच सगळं म्हटलं. हॉस्पिटलचं सांगणार नव्हते. सबब वाटते. पण वहीत साडेतीन लिहिलेलंच आहे, म्हणून तेही सांगितलं, नर्सच्या वाक्यासकट.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी राजीनाम्याचं पहिलं वाक्य मनात जुळवत होते.

"नायट्रेट?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच आहे, बाई. गोठवल्याने त्याला काही होत नाही."

"सहा वर्षं मी लोकांना समजावतेय, की झाकण बसलं तरी नायट्रेट का घटलं नाही आणि सिलिकेटच का घटलं. झाकण काय निवडून अडवतं? तीन पानं खर्च केलीत त्यावर. मला स्वतःलाच पटत नव्हती." मग, "तुझ्याकडे येऊन विचारावं, हे एकदाही सुचलं नाही मला. तू चुकणार नाहीस असं धरून चालले होते. हा काय पुरावा झाला?"

"बाई, चूक माझी –"

"चूक तुझी, सही माझी. वाटणी नंतर करू. फ्रीझरची किल्ली कुणाकडे आहे?"

ओरडल्या नाहीत. आईचं बरोबर होतं – तेच जास्त लागलं.

१९ मार्च

दोनशे सोळा बाटल्या. कालपासून रोज चोवीस काढायच्या, दोन दिवस अंधारात ठेवायच्या, मग मोजायच्या. २८ला संपतील, रविवारी आलो तर. बाई बाटल्यांवर तारखा टाकतात. कप्तान न बोलावता आला. "भरल्यात मी, तर पाजतोही मीच मशीनला."

२१ मार्च

भाषण पुढे ढकलायचं का, असं ऑफिसने विचारलं. (कुणीतरी बोललंय. मी नाही.) बाई म्हणाल्या, "नाही. हार आणा. चूक सांगताना गळ्यात काहीतरी असलेलं बरं."

२३ मार्च, रविवार

पहिली दोन वर्षं झाली. घट गेली. सरळ रेघ. बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली, मग लाजेचं कारण सापडेना. समुद्राचं काही बिघडलेलं नसेल, तर आनंदच व्हायला हवा. कप्तान म्हणाला, "चला, निदान शेवाळ तरी जेवतंय."

२५ मार्च

स्मरणिकेसाठी नवा मजकूर: "सिलिकेट घटलेलं नाही. आमची मोजण्यात चूक झाली." ऑफिस म्हणालं, दोन परिच्छेद हवेत. दुसऱ्यात काय लिहू?

२६ मार्च

चौथ्या वर्षाच्या, उन्हाळा संपतानाच्या बाटल्या: ६१. पाचव्या: ६४.

उन्हाळाभर शेवाळ जेवल्यावर आकडा उतरायला हवा, हा चढतोय. काहीतरी चुकतंय म्हणून पुन्हा मोजल्या. बाईंनी बाजूला बसून पाहिलं. ६४.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटच्या चोवीस. ६८.

नायट्रेट दरवर्षीसारखंच संपलेलं. म्हणजे जेवण वर येतंय, कुणीतरी जेवतंयही. ताटात काच तेवढी उरतेय, दरवर्षी जास्त. काच न लागणारं, हलकं, न बुडणारं कुणीतरी जेवतंय. त्याचा कार्बन वरच राहणार.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "काचवाले उपाशी आहेत, उपाशी आहेत म्हणून सहा वर्षं लिहीत बसलो गं आपण. ते तर केव्हाच गेले."

दुसरा परिच्छेद मिळाला.