चिकटवलेली पानं

९ फेब्रुवारी २००४, सोमवार
वाचनशाळेचा भास्करन पुन्हा येऊन गेला. ह्यांची पुस्तकं २२ तारखेला, रविवारी नेतो म्हणाला. हातगाडी ठरवलीय. "टीचर, कुमारेट्टन स्वतःच म्हणाले होते, माझ्यामागे ही सगळ्यांची." सगळ्यांचे एट्टन, थोरले भाऊ हे. भास्करनला म्हणाले होते. मला नाही!

सत्तावीस वर्षं ह्यांनी विडी कारखान्यात वाचून दाखवलं. खाली चाळीस माणसं विड्या वळतायत आणि हे उंच पाटावर पुस्तक घेऊन. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. ह्यांच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. घरी यायचे तेव्हा घसा बसलेला. "मीठ दे." "कंदील कुठंय?" संपलं बोलणं. आमची लेक शीबा गेल्यावर तर तेवढंही नाही. नऊ वर्षांची होती. पेजेत गूळ घालून खायची — ह्या घरात ती एकटीच.

१० फेब्रुवारी
कौसू आली होती. कारखान्यात ह्यांच्या अगदी समोर बसायची. आता घरीच सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. कपाटासमोर उभी राहून पुस्तकांवरून हात फिरवला, जसा काही तिचाच संसार आहे.

"ह्यातल्या म्हातारीचा आवाज काढायचे बघा कुमारेट्टन! हसून हसून आमच्या सुपातली तंबाखू सांडायची. मुकादम ओरडायचा, पण तोही हसायचा."

म्हातारीचा आवाज. एकत्तीस वर्षं एका छपराखाली राहिले, मी कधी ऐकला नाही.

कॉफी दिली तिला. गोड केली नाही. ती गुपचूप प्यायली.

११ फेब्रुवारी
कौसूला सहीसुद्धा येत नाही. पण सगळी पुस्तकं पाठ. मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि एक कादंबरी धड पुरी केली नाही. ह्यांनीही कधी म्हटलं नाही, बस, वाचून दाखवतो. मीही कधी म्हटलं नाही, वाचा.

१४ फेब्रुवारी
पुस्तकं पुसायला काढलीत. एकाची शिवण विडीच्या दोऱ्याने घातलेली. भास्करन आला होता, लांबूनच म्हणाला, "हा कौसूचेचीचा हात, लगेच कळतो." त्याची ती चेची, ताई. पुस्तकं शिवायलाही तीच!

त्याच पुस्तकाची शेवटची चार पानं एकमेकांना चिकटलेली. विडीच्या कट्ट्यांना लेबलं डकवतात ती खळ. मुद्दाम लावलीय, चारही कडांना नीट. भास्करन गेल्यावर किटलीच्या वाफेवर धरली. सुटली.

१६ फेब्रुवारी
पुस्तक वाचून झालं. माझी पहिली कादंबरी. पुराची गोष्ट आहे. शेळी सोडवायला गेलेली मुलगी चिकटवलेल्या पानांत बुडते. तिसऱ्या दिवशी सापडते.

उठून भांडी घासली. घासलेलीच होती.

१७ फेब्रुवारी
भास्करन यादी करायला आला, ते पुस्तक बघून खूश. पुढे पुढे तोही कारखान्यात लागला होता. "हे! शेवटी पोरगी शेळी घेऊन परत येते, तेव्हा अख्खा कारखाना टाळ्या वाजवायचा!"

मी म्हटलं, परत येते?

"येते म्हणजे काय! दर वर्षी यायची."

तो गेल्यावर एकटीच हसले. म्हणजे खोटं वाचून दाखवलं ह्यांनी! कौसू, तुझ्या वाट्याला खोटं आलं. खरं माझ्या कपाटात होतं. शुक्रवारी जाऊन तुला वाचून दाखवते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
गेले. कौसू ओसरीवर विड्या वळत होती. म्हटलं, पुराच्या पुस्तकाचा शेवट वाचते, ऐक. सावकाश वाचला. एक शब्द सोडला नाही. तिची बोटं चालूच. पान, तंबाखू, दोरा.

वाचून झाल्यावर म्हणाली, "असंच आहे ते, टीचर. पहिल्यांदा असंच वाचलं होतं त्यांनी. सगळे रडलो."

मग?

"मग तुमची शीबामोळ गेली. पुढच्या वर्षी कोणीतरी तेच पुस्तक मागितलं. कुमारेट्टन शेवटाला आले आणि थांबले. किती वेळ! मग पोरीला घरी आणली. पुस्तकात बघतच नव्हते."

"आणि तुम्ही? कोणीच काही बोललं नाही?"

"चाळीस जण होतो. एकाने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पानं चिकटवलेली दिसली. त्यानंतर दर पावसाळ्यात आम्हीच म्हणायचो, कुमारेट्टा, पुराचं वाचा. नवीन लागलेल्यांना सांगितलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, वाजवू दिल्या."

विडीला दोरा बांधला तिने. "तुम्हाला घरी वाचून दाखवत असतील, असं वाटायचं हो आम्हाला. हेवा वाटायचा."

घरी कशी आले आठवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
हातगाडी गेली. ३१२ पैकी ३११ पुस्तकं.

दुपारी कौसू आली. कॉफी गोड केली. तिला पाटावर बसवलं, मी खाली बसले. म्हटलं, ते वाचायचे तसा सांग शेवट. तिने घसा खाकरला — अगदी ह्यांच्यासारखा.

पाणी ओसरलंय. मुलगी दारात उभी आहे, शेळीसकट, चिंब. म्हणते, "अम्मा, पेज दे. गूळ घालून."