आठ कोनांचा बिल्ला

मॉस रन, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १४ डिसेंबर १९८६

प्रिय मिल्का,

तू, डेल आणि लीना मजेत असाल. तिकडे ओहायोत, टोलेडोला, आमच्यापेक्षा जास्त बर्फ पडला असं रेडिओवर ऐकलं. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. पपांचा खोकला आहे तसाच आहे. मागच्या जिन्याची कुजलेली पायरी मी बदलली. आधी लिहिलेले कागद फाडून टाकले, त्यामुळे पत्राला उशीर झाला.

आधी साध्या बातम्या. खाण बंद झाल्यावर आम्हा कामावरून काढलेल्या लोकांची फी सरकार भरतंय, म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात जातो. मेन स्ट्रीटवरचं कपड्यांचं मोठं दुकान बुडालं, ती जागा आता कॉलेजकडे आहे. इतिहासाचा वर्ग बुटांच्या विभागात भरतो. खांबांवरचे ते बुटके आरसे कुणी काढले नाहीत, त्यामुळे वर्गात सगळ्यांचे पाय दिसतात. माझा पाय सारखा हलत असतो, हे मला तिथे कळलं.

खरं तर मी वेल्डिंगसाठी गेलो होतो. सोबत एक पुस्तकी विषय घ्यावाच लागतो, म्हणून इतिहास घेतला. पपा म्हणाले, "इतिहास शिकून कुठलं मशीन चालवणार आहेस?" मी म्हटलं, "सक्तीचा आहे." ते म्हणाले, "आमच्या वेळी सक्तीने फक्त एरंडेल पाजायचे." पण मला तो विषय आवडायला लागला, मिल्का. अकरावीत शाळा सोडलेला मी, आणि इतिहासाच्या टिबेट सरांनी माझा एक निबंध वर्गात वाचून दाखवला. शब्दकोश जवळ घेऊनच लिहितो. चूक राहिली की मला जेवण जात नाही.

इथे थोडा वेळ उठून गेलो होतो. भट्टीत कोळसा टाकला. टाकायची गरज नव्हती.

ऑक्टोबरात सरांनी सांगितलं, घरातली एक जुनी वस्तू आणा आणि तिच्यावर लिहा. तुला कळलंच असेल मी काय नेलं असेल ते. स्वयंपाकघराच्या दारावरचा डेडो आजोबांचा खाणीतला हजेरीचा पितळी बिल्ला. पपांना विचारलं, तर त्यांनी तो आधी बाहीने पुसला, मग माझ्या हातात दिला. "सांग त्यांना, माझा बाप एकतीसच्या संपात होता. हा त्याचा बिल्ला." दरवर्षी कामगार दिनाच्या मिरवणुकीत कोटाला लावताना म्हणतात, अगदी तसंच.

वर्गात वस्तू हातोहात फिरत होत्या. माझ्या पुढच्या बाकावर श्रीमती पावलिक बसतात. सत्तरी ओलांडली असेल, नवरा गेल्यावर घरात करमत नाही म्हणून येतात आणि सरांच्या तारखा दुरुस्त करतात. त्यांनी बिल्ला उलटसुलट केला, कडेवरून बोट फिरवलं आणि पुढे न देता माझ्याकडेच सरकवला.

"कुणाचा हा?"

"माझ्या आजोबांचा. ते संपात होते."

"वर्ग सुटल्यावर थांब, बाळ."

वर्ग सुटल्यावर आम्ही बूट घालून बघायच्या त्या बाकड्यावर बसलो. त्यांनी मला हळूच सांगितलं. संपाच्या पहिल्या सकाळी सगळ्यांनी आपले बिल्ले खाणीच्या फाटकावरून ओढ्यात फेकले. ते बिल्ले गोल होते. संपकऱ्याच्या घरी बिल्ला असूच शकत नाही. कंपनीने मग नवे पाडले, जे संप मोडून आत कामाला जात त्यांच्यासाठी. ओळखू यावेत म्हणून आठ कोनांचे.

"आमच्या दारावर खिळासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "टांगायला काही उरलंच नव्हतं."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मिरवणुकीत कुणी पपांना बोललं कसं नाही?

"तुझा बाप आला की आम्ही म्हातारी माणसं दुसरीकडे बघतो. त्याच्यासारखा युनियनवाला या गावात दुसरा झाला नाही. मग कोण सांगणार?" जाताना कोटाची बटणं लावत म्हणाल्या, "तुझ्या आजीच्या कडेवर तेव्हा तान्हं पोर होतं. कंपनीने आम्हाला तिच्या घरांतून काढलं, आम्ही तंबूत होतो, ती घरात राहिली. तिचं पोर जगलं. माझा भाऊ नाही जगला. हेही लिही, लिहिणार असशील तर."

ते पोर म्हणजे पपा.

तेव्हापासून मी बिल्ला खिशात घेऊन फिरत होतो. पपांना सांगत होतो, सरांनी ठेवून घेतलाय. रोज जेवताना ते रिकाम्या खिळ्याकडे बघायचे. मला सारखं तुझं या घरातलं शेवटचं रविवारचं जेवण आठवायचं. तुमची लीना इस्पितळात होती, त्या खर्चासाठी डेल संप मोडून फाटकातून आत गेला होता, आणि पपा तुला म्हणाले होते, "संपफोड्याचं ताट या घरात वाढलं जाणार नाही, आणि वाढलं गेलंही नाही कधी." ते वाक्य मला पाठ आहे. तुलाही असणार.

सुरुवातीला मला ते त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. तुझ्या वतीने. मग वाटलं, पंचावन्न वर्षांच्या माणसाकडे दुसरं आहे काय? खाण गेली, आई गेली, तू गेलीस. मंगळवारी निबंध वर्गासमोर वाचायचा आहे, आणि युनियनची जुनी माणसं ऐकायला येणार आहेत. पपांनी कोट इस्त्री करून ठेवला होता.

आज सकाळी चर्चमधून आल्यावर मी बिल्ला टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. माझा पाय इतका हलत होता की कपातली कॉफी सांडली.

त्यांनी बिल्ल्याचे कोन बोटाने एकेक करून मोजले. मग म्हणाले, "शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. मला वाटायचं, माझ्या अंगाला कोबीचा वास येतो. आईला रोज सांगायचो, कपडे नीट धू."

"पपा, निबंध मी दुसऱ्या कशावर तरी लिहीन. आईचा पोळपाट आहे."

"पोळपाट!" त्यांनी बिल्ला माझ्याकडे सरकवला. "पावलिकबाईचा भाऊ घालणार आहेस ना त्यात?"

"हो."

"मग लिही. आणि अक्षर नीट काढ. मी पुढच्या रांगेत बसेन."

बिल्ला त्यांनी खिळ्यावर टांगला नाही. खिशातही घातला नाही. तो अजून टेबलावरच आहे, मी त्याच्या शेजारीच लिहितोय. मंगळवारी काय होईल ते मला माहीत नाही. ते तिथे खरंच बसतील का, बसले तर शेवटपर्यंत बसतील का, आणि बाहेर पडल्यावर त्यांच्याशी कोण बोलेल, सारखं हेच डोक्यात फिरतं.

पण तुला जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं. ते सिंकपाशी कप धूत होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तिची पोर चालते का आता?"

मी म्हटलं, "चालत असेल."

"नाताळच्या आदल्या रात्री तिच्या कपाळावर मधाचा क्रूस कोण काढतं? त्या डेलला काय येतंय."

तुझा विषय या घरात कितीतरी दिवसांनी निघाला होता. त्यांनी चर्चमधून आणलेल्या ओप्लात्क्यांचं, नाताळच्या जेवणाला घरच्यांनी वाटून खायच्या त्या पातळ पापड्यांचं, पाकीट उघडलं, त्यातली एक निवडली आणि विचारलं, "तिचा टोलेडोचा पत्ता आहे ना तुझ्याकडे?" मग खोकत वर निघून गेले. जिन्यावर थांबले होते, मला पायऱ्यांचा आवाज कळतो. पण परत आले नाहीत.

ती ओप्लात्का या पत्रात घालतोय, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, दोऱ्याने बांधून. मी फार काळजीपूर्वक बांधली आहे. तरी तुला तिचा एक कोपरा नसलेला दिसेल. तो टपालात तुटलेला नाही. देण्याआधी आपला तुकडा मोडून खायचा असतो, तो त्यांनी माझ्यासमोर खाल्ला.

बाकीची तुमची तिघांची.

तुझा भाऊ,
सिरिल