शेवटच्या खंडातली आई

बाबा, ते पुस्तक मी वाचून संपवलं. सहावा खंड, शेवटचा. त्यात आई दार लावून घेत नाही. तुम्ही खोटं सांगितलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले होते. ते रडणं परत घेता आलं असतं तर आज घेतलं असतं.

पुस्तकाची गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हतीच, म्हणून सांगते. धुक्यातली माणसं एका मुलीच्या आईला घेऊन जातात आणि ती मुलगी पंख मोडलेल्या एका गरुडाला सोबत घेऊन तिला शोधायला निघते. आपल्या मोताळ्याच्या वाचनालयातून मी पहिला खंड आणला तो आई घर सोडून गेली त्याच वर्षी. तुम्ही तिच्यावर हात उगारलात, तिला दारापुढच्या पायरीवरून ढकललंत, ती कपड्यांची पिशवी घेऊन मेहकरला मामाकडे गेली, आणि त्यानंतर आपल्या घरात तिचं नाव निघालं नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी मी तुमच्यासोबत वावरातली वांगी निवडायला बसायची. किडकी एकीकडे, चांगली एकीकडे, आणि मांडीखाली पुस्तक. गरुड बोलायचा, मुलगी बर्फाचे डोंगर चढायची, आणि तुम्ही म्हणायचात, "हात चालव, डोकं कुठं हाये तुहं?" माझं डोकं मेहकरच्या रस्त्यावर होतं. मी ठरवूनच टाकलं होतं, की पुस्तकातली मुलगी आईपाशी पोचली की मीपण बसमध्ये बसायचं.

मी स्टँडवर मेहकरच्या बसची चौकशी केली, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तुम्ही बाजारातून येताना माझ्यासाठी घड्याळ घेऊन आलात, सोनेरी पट्ट्याचं. तुम्ही स्वतः ते माझ्या मनगटावर बांधताय, पट्टा सैल होतोय, तुम्ही एक कडी दाताने दाबताय, हे मला आत्ताही दिसतं. मी किती खूश झाले होते. मग मान वर न करता तुम्ही बोललात.

"वाचनालयातल्या बाईले इचारलं मी, तुह्या त्या पुस्तकाचं. शेवटी माय सापडते म्हणे तिले. पण वयखत नाही. मले पोरगीच नाही म्हणते, आन् दार लावून घेते."

"मग ती काय करते?"

"काय करीन? येते वापस आपल्या घरी."

मी विश्वास ठेवला. तुम्ही पुस्तकांच्या वाटेला कधी जात नव्हतात, मग मुद्दाम खोटं कशाला बोलाल, असं वाटलं. सहावा खंड मी आणलाच नाही. मेहकरलाही गेले नाही. माझ्या लग्नात आईच्या जागी आत्या उभी राहिली. तुम्ही म्हातारे झालात, मी आणि माझा नवरा याच घरात तुमच्यासोबत राहिलो, तुमचं दुखणं मी काढलं. तुमच्या पायाला तेल लावताना मनात यायचं, की ज्याने मला टाकलं नाही असं माणूस माझ्याजवळ एवढं एकच आहे.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने त्याच सहा खंडांचा संच फोनवरून मागवला. ती शेवटच्या खंडात होती तेव्हा मी पोळ्या लाटत होते. सहज म्हणाले, "जपून वाच. शेवट वाईट आहे. आई दार लावून घेते."

"कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली. "संपला माझा आत्ताच. आई तर दारातच बसलेली असते. मुलगी लांब असतानाच ती तिला चालीवरून ओळखते."

तव्यावरची पोळी करपली. त्या दिवसापासून नवऱ्याचं दुकान सांभाळत, गिऱ्हाईक करत मी पहिल्यापासून सगळे खंड वाचले. माझी मुलगी मला चिडवायची, की आई लहान झाली. शेवटचं पान संपलं तेव्हा मला रडू आलं नाही. मी उठून भिंतीवरचा तुमचा फोटो काढला आणि पलंगाखाली जुन्या चपलांजवळ ठेवला. तुम्हाला एकटं पडायची भीती वाटली असेल, पोरगीही गेली तर वावरात आणि घरात कोण, असा विचार तुम्ही केला असेल. एवढं मला समजतं. समजलं म्हणून मी सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला गेले. मामाच्या घराच्या मागच्या खोलीत आई शिलाई मशीनवर बसली होती. केस पांढरे, चष्म्याला दोरी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय शिवाचं हाय?"

ती मला ओळखू शकली नाही, बाबा. तुम्ही रचलेला शेवट एवढा खरा करून दाखवलात. मी माझं नाव सांगितलं. ती मशीनवरून उठली नाही, फक्त हातातलं कापड खाली पडलं. ते उचलत म्हणाली, "मी आलती दोन खेपा. तुह्या बापानं वावराच्या धुऱ्यावरूनच वापस पाठोलं. पोरगी तुहं नावबी घेत नाही म्हने."

म्हणजे तुम्ही दोन्हीकडे दार लावून घेतलंत.

मी तिला घेऊन आले. मामा म्हणाला, विचार कर, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू दे. आता ती तुमच्याच घरात आहे, तुमच्याच पलंगावर झोपते. तुम्ही तिला ज्या पायरीवरून ढकललंत तिथे ती सकाळी ऊन खात बसते, आणि येणारेजाणारे तिला विचारतात, कधी आल्या. हे पाहायला तुम्ही जिवंत असायला हवं होतं, असं मला रोज वाटतं.

हे लिहून मी कुठे पाठवणार नाही. एक गोष्ट तेवढी राहिली. परवा लसूण सोलताना आईने विचारलं, "लय तरास झाला काय त्यांले, जाताना?" तिला बरं वाटेल असं समजून मी सांगितलं, की हो, फार हाल झाले, शेवटी शेवटी तर कुणाला ओळखत नव्हते. तिने लसणाचं ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या रात्री ती जेवली नाही.

तुम्ही झोपेतच गेलात, शांत. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.