स्टेपनीखालचं लिंबू

पप्पा,

तुम्ही सध्या माझ्याशी बोलत नाही, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून जातेय. वाचणं म्हणजे बोलणं नाही, तेव्हा वाचायला हरकत नसावी.

रोशनी आणि मी स्पितीला निघालोय, तुमच्याच गाडीने. डॉक्टरांनी तुम्हाला उंचावर जायला बंदी केली आणि तुम्ही मला. तुमच्या हार्टचा रिपोर्ट मला लागू होत नाही, हे सांगणार होते, पण तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

आत्ता बॅगा ठेवायला खाली गेले, तर चारही चाकांखाली लिंबं! वॉचमन म्हणाला, "साहेब पहाटे येऊन गेले. बोलले, मी आलोच नव्हतो असं सांग." एका चहात साक्षीदार फुटला.

डिकी उघडली तर स्टेपनीखालीही एक लिंबू. पप्पा, ती बिचारी आडवी झोपलेली असते, ती कुठे निघाली होती? मग कळलं, टायर पंक्चर झाला की पुढे तिलाच धावायचंय. रोशनीला हसू आवरेना. मला आवरलं, कारण मी रडत होते.

थँक्यू, पप्पा.

चार लिंबं बोरीवलीतच चिरडून निघतो. पाचवं तुमच्या वतीने चंद्रताल बघून परत येईल. उंचीचा त्रास झालाच त्याला, तर कळवीन.

सकाळची गोळी घ्या. नेटवर्क मिळेल तिथून फोन करते. उचलून गप्प बसलात तरी चालेल, मी तिकडचा वारा ऐकवीन.

प्रांजल