प्रेमराजच्या विहिरीचं शेवटचं पान

प्रिय प्रेमराज,

तुझ्या बांधालगत बारा वर्षांपूर्वी कंपनीने गॅससाठी जी विहीर खोदली, तिचे सरकारी साइटवरून काढलेले कागद मिळाले. तुझा गिरधरच घेऊन आला. केळी लावायला रान देत नाहीस म्हणून पोरगा सोमवारी सुरतेला चाललाय, कायमचा. तू मात्र पहिल्या पानावर ‘गॅस आढळला’ खाली लाल रेघा मारून कडेला लिहिलंस, ‘बठ्ठं खरं शे!’ सगळं खरं म्हणे!

अरे बाबा, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! असले कागद शेवटापासून वाचायचे. खोदताना वर येणाऱ्या चिखलाला गॅसचा नुसता वास लागला तरी पहिल्या पानावर नोंद होते. शेजारी भजी तळली म्हणून आपलं पोट भरतं का? खरा निकाल नवव्या पानावर आहे. चाचणीला विहीर सहा तास उघडी ठेवली, ज्योत वीस मिनिटं जळली, मग दाब बसला तो बसलाच. शेवटच्या पानावर ‘सिमेंट भरून कायमची बंद’ आणि तारीख. तू म्हणतोस, कंपनीने माल झाकून ठेवलाय, परत येतील. माल असता तर तोंडावर झडप बसवून गेले असते. सिमेंट कोणी ओतत नाही.

ती ज्योत बघायला अख्खं गाव लोटलं होतं. लताबाई वहिनींनी नारळ फोडला. मी तेव्हा कंपनीच्या तंबूत चिखलाचे नमुने धुवायला होतो. पहिल्या पानावरची ती नोंद माझ्याच हातची आहे, खाली सही बघ. त्याच संध्याकाळी तुझ्या ओट्यावर चहा पिताना मी छाती फुगवून म्हणालो, प्रेमराज, नशीब उघडलं तुझं!

निकाल मला आठवड्यात कळला. तोवर तू पेढे वाटले होतेस आणि मशिनींना वाट हवी म्हणून उभी केळी उपटली होतीस. माझी जीभ रेटली नाही. वाटलं, वर्षभरात तूच समजशील. दर ईदला तुझ्याकडे आलो, पडीक रान बघितलं, शिरखुर्मा देऊन धुळ्याला परतलो. लाज वाटते रे. गिरधरला हे सगळं मी काल सांगितलं. तो चप्पल घालून निघून गेला. आता तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे, दारात उभं करू नकोस. पण पोराला सोमवारच्या आत रान दे.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
अमीन