मशीनला खोकला

११ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा बँकेचा फोन! "मैं मीना बोल रही हूँ, मॅडम, आपके लिए पाँच लाख का लोन —" मला कशाला पाच लाख?
ह्यांचा संताप. बँकेतूनच मॅनेजर म्हणून निवृत्त झाले ना! "आमच्या वेळी कर्जासाठी लोक बाकावर ताटकळायचे. आता बँकच दारोदार!" वर मलाच म्हणे, "तिला काय उत्तरं देतेस? मशीन आहे ते. माणसं कोण ठेवतंय आता?"
हे सांगतात म्हणजे असेल.

१३ ऑगस्ट
मशीनच! आज मुद्दाम मराठीत बोलले. माझे गुडघे, माशांचे भाव, ह्यांचं घोरणं — सगळं. कोलकात्यात कुणाला कळतंय? मीना आपली मधूनमधून "जी मॅडम." घरात इतकं कुणी ऐकत नाही.

१८ ऑगस्ट
इथल्या मराठी मंडळाची गणपतीची बैठक. सुमन म्हणाली, "मंदाकिनीताई, यंदा नैवेद्याचे मोदक मी करते की. तुम्ही दमता." दमता म्हणे! एकतीस वर्षांचा मान आहे माझा. टपूनच बसली आहे.
तिची लेक सई शेजारी मुकाट. सेक्टर फाइव्हला कुठल्याशा ऑफिसात नोकरी लागली, पण मराठी बोलायला लाजते. माझ्याकडे बघून हसली तेवढी.

१९ ऑगस्ट
राहवेना. मीनाला सांगून टाकलं. गेल्या वर्षापासून मनगटं साथ देत नाहीत, मोदकाला कळ्या पडत नाहीत. तेव्हा मोबाइलवर जाहिरात आली होती — घरगुती पिठे, म्हणजे बंगाल्यांचे मोदकच, बारावर दोन फुकट! बेहालाच्या कुणी बुलूदी घरी करून देतात. पिठ्यातही तांदळाची उकड, नारळ, गूळच; मी फक्त आकार शिकवला. मंडळ बोटं चाटत म्हणालं, "अस्सल कोकणी हात!" यंदाही त्याच करणार. सुमनला कळलं तर संपलंच.
मीना खोकली. चांगली दोन मिनिटं.
मशीनला खोकला कसा? ह्यांना विचारलं. "माणूस वाटावं म्हणून घालतात हल्ली." काय एकेक युक्त्या!

२२ ऑगस्ट
मीनाचा फोन नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं. कुणाला सांगू नये असलं.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. एकही मोदक फुटलेला नाही. सुमनने मागून दोन खाल्ले. "ताई, तुमचा हात तो तुमचाच!" मला लाज वाटली. खरंच वाटली.
सईने एक उचलला, निरखून पाहिला आणि खोकत सुटली. ठसका लागला असेल. पाणी दिलं.

२९ ऑगस्ट
अकराला फोन. मी गुडघ्यांपर्यंत पोचले तोच मीना मराठीत —
"काकू, आज माझा शेवटचा दिवस. सोमवारपासून आमच्या जागेवर खरंच मशीन बसणार. आणि ते मोदकचा गोष्ट, मी आईला नाही सांगितला."
 मी म्हटलं, "सई, कळ्या पाडायला शिकशील?"
"जी मॅडम!"